विचारा, सांगते : गाठीतली लोखंडाची पूड

गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलेल्या पत्रांतली जवळपास निम्मी एकाच फॉरवर्डमुळे आली आहेत. 'जर्मनीत लोखंडाचे सूक्ष्म कण गाठीत सोडतात, बाहेरून चुंबक लावतात, कॅन्सर जळून जातो, ना ऑपरेशन ना केमो', आणि खाली हात जोडल्याच्या आठ चित्रांची रांग. एकेकाला वेगळं उत्तर पाठवत बसण्यापेक्षा या अंकाचं सदर त्यालाच दिलं. नव्या वाचकांसाठी नेहमीचा खुलासा : मी डॉक्टर नाही. आधी मिरजेत आणि मग पुण्यात, रुग्णालयांच्या रेडिएशन आणि एमआरआय विभागांत भौतिकशास्त्रज्ञ म्हणून मी २७ वर्षं मशिनं सांभाळली. रुग्णाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवत. दिलेलं नेमकं कुठे आणि किती पोचतंय, हे बघणं माझं काम.

प्रश्न : माझे दाजी ५२ वर्षांचे आहेत. मेंदूत ग्लायोब्लास्टोमा हा कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं, लाइट झाले, गोळ्यांचे कोर्स झाले. अकरा महिन्यांनी गाठ परत आली. तो जर्मनीचा मेसेज आम्हालाही आला. एक जण सगळी सोय करून देतो म्हणतोय, ४२ लाख सांगतोय. ताई रस्त्याकडचा दोन एकराचा तुकडा विकायला निघाली आहे. मेसेज खरा की खोटा, एवढंच सांगा. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : मेसेज साफ खोटा नाही, घोळ तिथेच आहे. साफ खोटा असता तर एका ओळीत मोकळी झाले असते.

बर्लिनमध्ये हा उपचार खरोखर झाला आहे. आंद्रेआस योर्डान या शास्त्रज्ञाने त्यासाठी बरीच वर्षं खर्च केली. २०१० साली युरोपात मेंदूच्या गाठींसाठी त्याला मान्यता मिळाली आणि २०११ साली ६६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. त्यातल्या ५९ जणांचा ग्लायोब्लास्टोमा दाजींसारखाच उलटलेला होता. पद्धत अशी : भूल देऊन कवटीला बारीक भोक पाडायचं आणि नळीने कणांचं काळं पाणी थेट गाठीत सोडायचं. म्हणजे 'ना ऑपरेशन' इथेच खोटं ठरलं. मग रुग्णाला एका मोठ्या यंत्रात झोपवायचं. त्यातलं चुंबकी क्षेत्र सेकंदाला एक लाख वेळा उलटतं आणि पुन्हा सुलटतं. एक तासाची एक बैठक, आठवड्यातून दोन, अशा सहा बैठका. जोडीला रेडिएशन होतंच. उष्णता एकटीने काही करेल असा त्या डॉक्टरांचाही दावा नव्हता. तापलेल्या पेशीला रेडिएशनने झालेली मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही, म्हणून दोन्ही मिळून द्यायचं.

निकाल काय आला? गाठ उलटल्याचं कळल्यापासून मध्यक आयुष्य १३.४ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतर. जुन्या आकड्यांशेजारी ठेवला तर हा आकडा बरा दिसतो. पण त्या चाचणीत कणांशिवाय उपचार घेणारा दुसरा गट नव्हता, त्यामुळे यातलं श्रेय उष्णतेचं किती, रेडिएशनचं किती आणि मुळातच जरा धडधाकट रुग्ण निवडल्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही. पुढे म्युन्स्टरमध्ये सहा रुग्णांवर ऑपरेशननंतरच्या पोकळीत कणांचा लेप लावून पाहिला. तिथे भोवतीच्या मेंदूला बरीच सूज आली आणि काहींचे कण पुन्हा ऑपरेशन करून काढावे लागले. हे कण आणि यंत्र बनवणारी मॅगफोर्स ही कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

त्या चाचणीतली एक बारीकशी अट मला सगळ्यात बोलकी वाटते. उपचाराआधी रुग्णांना दातांमधलं धातूचं भरण आणि धातूच्या टोप्या काढून घ्याव्या लागत, कारण त्या क्षेत्रात दातातला धातूही तापतो. डोक्यात उलटलेला कॅन्सर घेऊन माणूस आधी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 'बाहेरून चुंबक लावतात' एवढ्या तीन शब्दांत मेसेजवाल्याने हे सगळं बसवलं आहे.

आता तुमचं. सोय करून देणाऱ्याला एवढंच म्हणा : रुग्णालयाचं नाव, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि दाजींचे रिपोर्ट पाहून त्यांनी दिलेलं मत, हे सगळं लेखी आण. चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक आण. आपल्याकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सगळ्यांना बघता येते, परदेशांतही अशा नोंदी खुल्या असतात. आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. चाचणीही म्हणतोय आणि ४२ लाखही मागतोय, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. दुसरं मत हवंच असेल तर टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं घ्या, आता ते ऑनलाइनही मिळतं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा रेडिएशन, दुसरं औषध यांतलं काय शक्य आहे ते विचारा. डोकेदुखी, झटके आणि झोप यांची काळजी घेणारा पॅलिएटिव्ह विभाग आजपासूनच जोडून घ्या, 'शेवटी बघू' म्हणू नका. आणि ताईंना माझं नाव घेऊन सांगा, रस्त्याकडचा तुकडा विकू नका. भाचरांना लागेल.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. लोखंडाला हात न लावता ते शरीराच्या आत कसं तापतं? इंडक्शनच्या शेगडीसारखंच का? मग माणूस का तापत नाही? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : शाब्बास. तिसरा प्रश्न विचारलास म्हणून शाब्बास. तिथे भलेभले अडकले आहेत.

शेगडीपासून निघू. शेगडीतल्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज धावते आणि तिच्या चुंबकी क्षेत्रामुळे पातेल्याच्या बुडात विजेचे भोवरे उठतात. पातेलं मुख्यतः त्या भोवऱ्यांनी तापतं. आपले कण इतके बारीक आहेत की त्यांच्यात भोवरा मावतच नाही. गाभा बारा-पंधरा नॅनोमीटरचा असतो. केसाच्या जाडीत असे पाचेक हजार कण ओळीने बसतील. ते तापतात ते वेगळ्या कारणाने.

घरात जुनी कॅसेट असेल तर फीत ओढून बघ. तिच्यावरचा तपकिरी लेप म्हणजे मॅघेमाइट, लोखंडाचा एक ऑक्साइड. लेपातले कण सुईसारखे आणि मोठे असतात. एकदा चुंबकित केले की दिशा लक्षात ठेवतात, म्हणून तर आजोबांची भजनं तीस वर्षांनीही वाजतात. हाच पदार्थ पंधरा-वीस नॅनोमीटरच्या खाली नेला की विसराळू होतो. बाहेरचं क्षेत्र असेपर्यंत सगळे कण एका दिशेने उभे राहतात, क्षेत्र गेलं की खोलीतल्या साध्या उष्णतेनेच त्यांच्या दिशा विस्कटतात. रक्तात सोडायला असे विसराळूच हवेत. नाहीतर एकमेकांना चिकटून गुठळ्या करतील.

आता लेझीम आठव. हलगी संथ वाजत असेल तर पोरं आरामात पाऊल टाकतात, घाम येत नाही. हलगी इतकी जलद केली की पाऊल उचलायच्या आतच ठोका पुढे गेला, तर पोरं नुसती उभी राहतात, तेव्हाही घाम नाही. पण ठोका असा हवा की पोरं किंचित मागे पडतील आणि सतत गाठायला धावतील. मग बघ घाम. कणाची चुंबकी दिशा क्षेत्रामागे अशी किंचित उशिरा वळते आणि त्या उशिराची किंमत उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. दिशा कणाच्या आतल्या आत वळली तर त्या वळण्याला नेएलचं नाव आहे. लुई नेएल हे फ्रेंच शास्त्रज्ञ, १९७० चं नोबेल त्यांना मिळालं. अख्खा कणच द्रवात गरकन फिरला तर त्याला ब्राउनचं नाव. गाठीच्या चिकट पेशींत कण रुतून बसतात, तिथे फिरणं बंद होतं आणि नुसतं आतलं वळणं उरतं. प्रयोगशाळेच्या पाण्यात झकास तापणारे कण शरीरात ढेपाळतात त्याचं हे एक मोठं कारण. आकारात दोन-तीन नॅनोमीटरचा फरक पडला तरी 'उशीर' बदलतो. म्हणून सगळे कण एका मापाचे बनवण्यात लोकांची अख्खी पीएचडी जाते.

हे कण बनताना एकदा पाहण्याजोगे असतात. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाहिलं. लोखंडाचे दोन क्षार, फेरस एक भाग आणि फेरिक दोन भाग. फिकट पिवळसर पाणी. त्यात अमोनिया ओतला आणि डोळ्यांदेखत ते काजळासारखं काळं झालं. बीकरला बाहेरून चुंबक लावल्यावर सगळी काळोखी एका कुशीला सरकली आणि उरलेलं पाणी नितळ झालं. तिथली मुलं रोजचं म्हणून बघतही नव्हती, मी मात्र पाच मिनिटं तिथेच खिळले. मुंबईची आयआयटी, भाभा अणुसंशोधन केंद्र, आपलं कोल्हापूर, अशा ठिकाणी या कणांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. तुला पुढे यात जायचं असेल तर फार लांब जावं लागणार नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न. माणूसही तापतो! अंगात खारट पाणी आहे, त्यात विजेचे भोवरे उठतातच. म्हणून क्षेत्राची ताकद आणि दिशा बदलण्याचा वेग यांच्या गुणाकाराला मर्यादा आहे. १९८४ साली ब्रेझोविच आणि सहकाऱ्यांनी माणसांवर तपासून ती मर्यादा मांडली. तिच्या पुढे गेलं की माणसाला अंगातून गरमी जाणवायला लागते. आणि शरीर जितकं रुंद तितका भोवरा मोठा. त्यामुळे उंदरावर बिनधास्त वापरलेलं क्षेत्र माणसावर वापरता येत नाही. 'उंदरात यश' असा मथळा दिसला की ही अडचण आठव.

शेगडीवर काही करून बघू नकोस. त्यापेक्षा नदीच्या कोरड्या वाळूतून चुंबक फिरव. काळे दाणे चिकटतील. आपल्या काळ्या कातळातून झिजून आलेलं मॅग्नेटाइटच ते, थोडं टायटॅनियम मिसळलेलं. औषधातला कण त्याच घराण्यातला.

प्रश्न : लेखांमध्ये 'एकच कण गाठ दाखवतो आणि तोच तिला जाळतो' असं वाचते. ऐकायला छान आहे. पण सलाईनमधून दिलेलं लोखंड लिव्हरमध्येही जात असेल ना? मग लिव्हर जळणार नाही का? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : या विषयावरच्या निम्म्या लेखांत जे लिहायचं राहून जातं ते तुम्ही एका ओळीत विचारलंत.

आधी 'दाखवतो' म्हणजे काय ते बघू. एमआरआयमध्ये आपण शरीरातल्या पाण्याचा आवाज ऐकत असतो. लोखंड शेजारी आलं की तिथला आवाज लगेच विझतो आणि चित्रात काळं दिसतं. थॅलेसेमियाच्या मुलांचे एमआरआय मी शेकड्यांनी काढले आहेत. वर्षानुवर्षं रक्त चढवल्याने लिव्हरमध्ये लोखंड साठतं. निरोगी लिव्हर राखाडी दिसतं, या लेकरांचं कोळशासारखं. किती काळं झालं यावरूनच लोखंड किती साठलं याचा हिशोब निघतो. हीच गोष्ट उलटी वापरून १९९६ साली अमेरिकेत फेरिडेक्स नावाचं औषध आलं. तुम्ही म्हणता तसे कण सलाईनमधून जातात आणि लिव्हरमधल्या सफाई कामगार पेशी ते गिळतात. लिव्हर काळं पडतं. गाठीत त्या पेशी नसतात, म्हणून ती काळ्यावर पांढरी उठून दिसते. म्हणजे इथे कण गाठीत शिरल्याने गाठ दिसत नव्हती, गाठ सोडून सगळीकडे गेल्याने दिसत होती. हे औषध पुढे फारसं चाललं नाही आणि दहा-बारा वर्षांत बाजारातून गेलं.

आता 'जाळतो'. त्यासाठी कण गाठीतच हवेत, आणि भरपूर हवेत. २०१६ साली टोरांटोच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून बघितलं की शिरेतून दिलेल्या नॅनोकणांतले किती गाठीपर्यंत पोचतात. मध्यक निघाला ०.७ टक्के. हजार पाठवले तर सात. बाकीचे कुठे जातात? बहुतेक तुमच्या लिव्हरमध्ये आणि प्लीहेत.

मापं शेजारी ठेवा. फेरिडेक्सचा डोस किलोला अर्धा मिलिग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ३४ मिलिग्रॅम लोखंड, तेही बहुतेक अख्ख्या लिव्हरभर पसरलेलं. बर्लिनच्या त्या द्रवात एका मिलिलिटरमध्येच ११२ मिलिग्रॅम होतं. चार-साडेचार मिलिलिटर टोचलं की अर्धा ग्रॅम. तुमच्या-माझ्या अख्ख्या अंगात लोखंड असतं तीन-चार ग्रॅम. त्याचा सातवा-आठवा हिस्सा सुपारीएवढ्या जागेत! म्हणून तर ते थेट गाठीत टोचतात, सलाईनच्या भानगडीत पडत नाहीत. तुमच्या लिव्हरच्या प्रश्नाला त्यांनी वाट अशी काढली.

पण एवढं लोखंड घातल्यावर चित्राचं काय होतं? मिरजेत एकदा एका आजींच्या अंबाड्यात केसांचा आकडा राहिला. मावशींनी तपासलं होतं, मीही विचारलं होतं. आजी म्हणाल्या, काही नाही बाई. पडद्यावर मेंदूचा मागचा निम्मा भाग गायब, जागेवर काळं विवर आणि त्याला पांढरी कड. बोटभर आकड्याने ही गत होते, तर गाठीत अर्धा ग्रॅम लोखंड गेल्यावर त्या जागेचा एमआरआय संपलाच. बर्लिनच्या रुग्णांचं तसंच झालं. गाठ वाढली का, सूज आहे का, हे एमआरआयवर कळायची सोय राहिली नाही, दुसऱ्या तपासण्यांवर भागवावं लागलं. एमआरआयने शरीरातलं तापमानही मोजता येतं, पण लोखंडाच्या गर्दीत तेही अवघड होतं. शेवटी कण कुठे बसलेत ते त्यांनी सीटी स्कॅनवर बघितलं, त्यावरून कुठे किती तापेल याचा हिशोब कॉम्प्युटरने मांडला, आणि ताळा म्हणून आत बारीक नळी ठेवून तापमान मोजलं.

दाखवायला चिमूटभर पुरतं, जाळायला मूठभर लागतं, आणि मूठभर घातलं की चिमूटभराने दिसत होतं तेही दिसेनासं होतं. 'एकच कण, दोन कामं' या जाहिरातीशी माझं भांडण इतकंच आहे. कण दोन्ही कामं करतो, पण एका वेळी एकाच डोसमध्ये करत नाही.

आणि 'जळणं' हा शब्दही सोडून द्या. लक्ष्य असतं ४३ अंशांच्या आसपास. तिथे तासभर जे साधतं त्याला ४४ ला अर्धा तास पुरतो, पुढे दर अंशाला वेळ निम्मा. पण खाली उतरलात तर एका अंशाला वेळ चौपट लागतो. ४२ ला चार तास! गाठीच्या एका कोपऱ्यात कण विरळ पडले तर तिथे नुसता ताप आल्यासारखं होतं आणि तिथल्या पेशी जगतात. सगळी लढाई त्या कोपऱ्यांची आहे.

प्रश्न : निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. एमआरआयमध्ये आधीच एवढं प्रचंड चुंबकी क्षेत्र असतं. मग कण घालून तिथल्या तिथे तापवत का नाहीत? एका मशिनमध्ये दोन्ही कामं होतील. (एक वाचक, भांडुप)

उत्तर : साहेब, ते क्षेत्र प्रचंड आहे म्हणूनच नाही. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट, आणि ते स्थिर असतं. त्यात प्रत्येक कण घट्ट एका दिशेला बांधला जातो. वरती लातूरच्या मुलीला लेझीम सांगितली तीच इथे लावा : पोरांना खांबाला बांधून ठेवल्यावर हलगी कितीही वाजवा. तुमच्या भाषेत, कोअर सॅच्युरेट झाला.

पण ही अडचणच कुणीतरी उपयोगाला लावली. हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतले बर्नहार्ड ग्लाइश आणि युर्गेन वाइझेनेकर यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग मांडलं. दोन चुंबक समोरासमोर असे ठेवायचे की मधे एका बिंदूवर क्षेत्र शून्य होईल. बाहेरचे सगळे कण बांधलेले, त्या बिंदूतले तेवढे मोकळे. उलटसुलट क्षेत्र दिलं की फक्त तेच नाचतात आणि त्यांचाच सिग्नल येतो. बिंदू सगळीकडे फिरवला की कणांचा नकाशा तयार. हाडं, मांस, पाणी यात काहीच दिसत नाही, दिसतं ते फक्त लोखंड. एमआरआयमधलं काळं विवर इथे उजेड होऊन येतं.

आता पुढचं तुम्हीच ओळखलं असेल. तोच बिंदू गाठीवर थांबवला आणि जलद क्षेत्र लावलं, तर गाठीतलेच कण तापतील. लिव्हरमधले जागेवर बांधलेले, गार. डोंबिवलीच्या बाईंच्या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हेच. २०१८ साली बर्कलीच्या गटाने उंदरात हे करून दाखवलं : आधी नकाशा, मग नेमकी गाठ तापवली, लिव्हर वाचवलं. माणसाचं डोकं मावेल असं चित्रण-यंत्रही हॅम्बुर्गमध्ये बनलं आहे. पण उंदराच्या दोन इंचांत शून्य बिंदू टोकदार ठेवणं वेगळं आणि माणसाच्या पोटाएवढ्या जागेत ठेवणं वेगळं. त्याला लागणारे चुंबक आणि वीज किती, याचा अंदाज तुम्ही माझ्यापेक्षा चांगला बांधाल. मोकळा वेळ असेल तर बांधून कळवा, छापू.

प्रश्न : चुंबकाचा पट्टा मनगटाला बांधल्याने रक्तातलं लोखंड गाठीकडे खेचलं जातं असं दुकानदार म्हणाला. घ्यावा का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. रक्तातलं लोखंड हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं असतं, ते चुंबकाला दाद देत नाही. देत असतं तर एमआरआयमध्ये झोपणारा प्रत्येक माणूस बोगद्याला चिकटला असता.

प्रश्न : माझी बहीण इंग्लंडला स्विंडनमध्ये असते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आधी तिला लोखंडाचं तपकिरी औषध टोचलं होतं. तो गरमीचाच उपचार होता का? ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, पण त्वचेवर तपकिरी डाग अजून आहे. ती घाबरली आहे. (एक वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर : गरमीचा उपचार नव्हता तो. स्तनातून कॅन्सर पसरायला निघाला तर काखेतल्या ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचेल ती शोधायची, काढून तपासायची, आणि ती स्वच्छ असेल तर बाकीच्या ग्रंथींना हात लावायचा नाही. ती पहिली ग्रंथी शोधण्यासाठी निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव वापरतात. त्याऐवजी लोखंडाच्या कणांचा द्रव वापरायची पद्धत केंब्रिजच्या एका कंपनीने आणली. २०१८ साली अमेरिकेनेही ती मान्य केली. कण वाहत जाऊन ग्रंथीत अडकतात आणि सर्जन पेनासारखा चुंबकी शोधक फिरवून त्या हुडकतात. बिनतापाचं, साधं काम, पण आज या कणांचा रुग्णाला रोजच्या रोज होणारा एक उपयोग हा, फॉरवर्डमध्ये ज्याला जागा मिळाली नाही तो.

गंमत म्हणजे उष्णतेच्या उपचाराची सुरुवातही ग्रंथींपासूनच झाली. १९५७ साली अमेरिकेत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा विचार करून लिम्फ ग्रंथींत मॅघेमाइटचे कण पोचवले आणि बाहेरच्या क्षेत्राने ते तापवून दाखवले. सर्जनच्या सुरीतून निसटलेली ग्रंथी तापवून मारायची, असा त्यांचा विचार होता. सुरीला ती ग्रंथी दाखवण्याचं काम तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

बहिणीच्या डागाचं : तो लोखंडाचाच आहे. हळूहळू फिका होतो, कित्येकदा महिने लागतात, काहींचा वर्षाहून जास्त टिकतो. तो गाठीचा डाग नाही. पण त्या जागी लालसरपणा, दुखणं किंवा नवा घट्टपणा आला तर तिथल्या नर्सला लगेच दाखवायला सांगा.

आणि तिला एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगा : कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला, लोखंडाचं कोणतं औषध टोचलं. पुढे कधी स्तनाचा एमआरआय काढायची वेळ आली, तिथे असो की सुट्टीत गोव्यात, तर आत जाण्याआधी हे पान तंत्रज्ञाच्या हातात द्यायचं. नाहीतर माझ्यासारखी कुणी बाई पडद्यावरचं काळं विवर बघून अर्धा तास केसांचा आकडा शोधत बसेल.